शीतोपचार आणि इजा झालेला मेंदू : एका उपचारकल्पनेचा इतिहास व मुंबईची साक्ष

१. विषयप्रवेश

मेंदूस गंभीर इजा झालेल्या रुग्णाचे शरीर कृत्रिम रीतीने काही अंश थंड करावे, ठरावीक काळ त्याच अवस्थेत ठेवावे आणि नंतर सावकाश पूर्ववत उष्ण करावे, म्हणजे मेंदूचा जो भाग अद्याप मृत झालेला नाही तो वाचू शकेल, ही कल्पना विसाव्या शतकाच्या वैद्यकेतिहासात एकाहून अधिक वेळा उदयास आली आणि मावळली. कल्पना दिसावयास सोपी आहे. उष्णतेने नासणारी वस्तू थंडीत टिकते, हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरातील आहे. इतका सोपा अनुभव मानवी मेंदूच्या बाबतीत खरा ठरतो काय, हे ठरविण्यास मात्र सुमारे ऐंशी वर्षे लागली, आणि मिळालेले उत्तरही सर्वत्र सारखे नाही.

या उपचाराचा इतिहास सामान्यतः फिलाडेल्फिया, टोरांटो, पिट्सबर्ग, लंडन अशा नगरांच्या क्रमाने सांगितला जातो. त्या कथनात हिंदुस्थानातील रुग्णालयास स्थान असले, तर ते दुसरीकडे सिद्ध झालेले ज्ञान उशिरा स्वीकारणाऱ्या शिष्याचे असते. वस्तुतः इ. स. २०१५ ते २०१९ या काळात मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका सर्वसाधारण रुग्णालय आणि दक्षिण आशियातील इतर काही रुग्णालये यांनी मिळून जी चाचणी केली, तिने या इतिहासाला अनपेक्षित वळण दिले. जन्मतः गुदमरलेल्या अर्भकांच्या मेंदूवर जो शीतोपचार श्रीमंत देशांत जीवरक्षक ठरला होता, तोच येथे अधिक मृत्यूंशी निगडित आढळला. ही घटना आकस्मिक नव्हती. शीतोपचाराच्या संपूर्ण इतिहासात जी दोन सत्ये पुनःपुन्हा डोकावतात, त्यांचाच तो परिपाक होता. एक, शरीरातील एखादा आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे होत नाही. दोन, एका भूमीवर मिळालेला पुरावा दुसऱ्या भूमीवर आपोआप लागू पडत नाही.

२. थंडीविषयीची प्राचीन संदिग्धता

शीतोपचाराचे समर्थक आपली परंपरा ग्रीक वैद्य हिपोक्रेटीस याच्यापर्यंत नेतात. परंतु त्याच्या नावावर असलेल्या सूत्रसंग्रहाची साक्ष दुहेरी आहे. रक्तस्राव होत असेल तेथे थंडीचा उपयोग करावा, असे त्यात सांगितले आहे. त्याच प्रकरणात थंडी ही हाडे, दात, मज्जातंतू, मेंदू आणि पाठीचा कणा यांची वैरी असून उष्णता त्यांस हितकर असते, असेही म्हटले आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रक्त थांबविण्याचे चार उपाय दिले आहेत : संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. यांपैकी स्कंदन म्हणजे रक्त गोठविणे, आणि त्याचे साधन म्हणून शीत द्रव्यांचा निर्देश आहे. दोन्ही परंपरांनी थंडीचा वापर जखमेपुरता, म्हणजे स्थानिक, मानला होता. संपूर्ण शरीराचे तापमान उतरविणे ही त्यांची कल्पना नव्हे.

असे असण्याचे कारण केवळ तात्त्विक नाही. शरीर किती थंड झाले हे मोजण्याचे साधन नव्हते, आणि उष्ण प्रदेशांत थंडी हीच दुर्मीळ वस्तू होती. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या साहाय्याने पाणी थंड करीत, असे अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदविले आहे. ती राजवैभवाची गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील बोस्टनहून बर्फाची जहाजे इ. स. १८३३ मध्ये कलकत्त्यास आणि पुढे मुंबईस येऊ लागली, तेव्हाही बर्फ हा धनिकांच्या मेजवानीचाच पदार्थ राहिला. दख्खनच्या पठारावरील सामान्य रुग्णाला थंडी मिळे ती ओल्या फडक्याची आणि वाळ्याच्या पाण्याची.

मापनाची सुरुवात लिव्हरपूलचा वैद्य जेम्स करी याने केली. इ. स. १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने ज्वराच्या रुग्णांवर थंड पाणी ओतण्याचे प्रयोग आणि त्या वेळच्या तापमापकाच्या नोंदी दिल्या. थंडीची मात्रा असते आणि ती मोजून द्यावी लागते, हा विचार येथून पुढे दृढ झाला. नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे याच्या रशियाच्या स्वारीतील (१८१२) निरीक्षणांचाही या संदर्भात उल्लेख होतो. गारठलेल्या सैनिकांपैकी शेकोटीच्या अगदी निकट बसणारे लवकर दगावत, असे त्याला आढळले. त्यावरून थंडी तारक असते असे अनुमान पुढे काढण्यात आले. वस्तुतः ते निरीक्षण गारठलेल्या शरीरास एकाएकी ऊब देण्याच्या धोक्याविषयीचे होते. शरीर पुन्हा उष्ण करण्याचा टप्पा हाच सर्वांत धोक्याचा असतो, हा धडा त्यातून घेण्याजोगा होता. तो घेण्यास पुढे दीड शतक लागले.

३. फिलाडेल्फिया ते लिव्हरपूल : पहिला उदयास्त

आधुनिक शीतोपचाराचा आरंभ अमेरिकन मेंदूशल्यविशारद टेंपल फे याच्यापासून मानला जातो. हातापायांत, म्हणजे शरीराच्या तुलनेने थंड भागांत, कर्करोगाचा प्रसार क्वचित आढळतो, या निरीक्षणावरून त्याने नोव्हेंबर १९३८ मध्ये फिलाडेल्फिया येथे कर्करोगाच्या रुग्णाचे संपूर्ण शरीर थंड करण्याचा प्रयोग केला. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या पुष्कळ खाली उतरले तरी मनुष्य जगू शकतो, ही गोष्ट त्या काळच्या वैद्यकास धक्का देणारी होती. कर्करोग बरा झाला नाही. परंतु हाच उपाय फे याने डोक्यास गंभीर मार लागलेल्या रुग्णांवर योजिला आणि त्याविषयीची निरीक्षणे इ. स. १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. तुलनेसाठी, थंड न केलेल्या रुग्णांचा समान गट त्यात नव्हता.

याच सुमारास थंडीचे नाव एका भीषण प्रकरणाशी जोडले गेले. इ. स. १९४२–४३ मध्ये डाखाऊ येथील नाझी छळछावणीत बंदिवानांना बर्फाळ पाण्यात बुडवून ठेवण्याचे प्रयोग करण्यात आले. समुद्रात पडलेल्या वैमानिकांना कसे वाचवावे हे शोधण्याच्या नावाखाली कित्येकांचे प्राण घेतले गेले. न्यूरेंबर्ग येथील वैद्यांच्या खटल्यात (१९४६–४७) हे प्रयोग पुढे आले, आणि प्रयोगविषय झालेल्या व्यक्तीची स्वेच्छा संमती ही प्रत्येक वैद्यकीय प्रयोगाची पहिली अट होय, असे न्यूरेंबर्ग संहितेने ठरविले.

युद्धोत्तर काळात शीतोपचारास शरीरक्रियाविज्ञानाचा आधार मिळाला. टोरांटोच्या विल्फ्रेड बिगेलो याने इ. स. १९५० मध्ये दाखविले की, हुडहुडी दाबून टाकली तर शरीर थंड होत जाते त्या प्रमाणात त्याची प्राणवायूची गरज घटते. २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटा येथे जॉन लुइस याने एका पाच वर्षांच्या मुलीचे शरीर सुमारे २८ अंशांपर्यंत थंड करून तिच्या उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया केली. मेंदूच्या बाबतीत रोझोमॉफ आणि हॉलडे यांनी इ. स. १९५४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, थंडीमुळे मेंदूचा रक्तप्रवाह आणि प्राणवायूचा व्यय दोन्ही कमी होतात. मेंदूची ही गरज प्रत्येक अंशामागे सुमारे सहा ते सात टक्क्यांनी घटते, असे आज मानले जाते. फ्रान्समध्ये आंरी लाबोरी याने औषधांच्या साहाय्याने ‘कृत्रिम शीतनिद्रा’ घडविण्याची पद्धत काढली. तूलूझ येथे लाझोर्त व कांपां यांनी (१९५८) आणि लिव्हरपूल येथे सेड्झिमिर याने (१९५९) डोक्यास मार लागलेल्या रुग्णांवरील शीतोपचाराचे अनुभव प्रसिद्ध केले. करीच्याच नगरात दीडशेहून अधिक वर्षांनी थंडी पुन्हा परतली होती.

ती फार काळ टिकली नाही. तापमान ३० अंशांच्या आसपास वा त्याखाली नेले की हृदयाची लय बिघडे, रक्त गोठण्याची क्रिया मंदावे, फुप्फुसांत जंतुसंसर्ग होई. येथे सुश्रुताच्या स्कंदनविचारातील एक मर्म ध्यानात येते. जखमेवर ठेवलेली थंडी रक्तवाहिन्या आकुंचित करून स्राव थांबविते. परंतु तीच थंडी संपूर्ण शरीरात भिनली तर रक्त गोठविणारी द्रव्येच मंद होतात. स्थानिक उपाय आणि सार्वदेहिक उपाय यांचे फळ एकच असेल असे गृहीत धरणे, हा या इतिहासातील पहिला मोठा तर्कदोष होता. सत्तरीच्या दशकापर्यंत शीतोपचार बहुतांश रुग्णालयांतून नाहीसा झाला.

४. नवजात अर्भक : ऊब की थंडी ?

मोठ्या माणसांच्या डोक्यावरील माराप्रमाणेच मेंदूच्या इजेचे दुसरे एक रूप आहे. प्रसूतीच्या वेळी प्राणवायू न मिळाल्यामुळे अर्भकाच्या मेंदूस इजा होते. कारण भिन्न असले तरी त्यानंतर काही तासांनी सुरू होणारी दुय्यम इजा, म्हणजे पेशींना सूज येणे, विषारी द्रव्ये साचणे आणि पेशींचा हळूहळू होणारा नाश, ही दोहोंत पुष्कळ अंशी समान आहे. शीतोपचाराची सारी आशा या मधल्या काही तासांवर अवलंबून असते.

मराठी घरांत नवजात बालक आणि थंडी हे शब्द एकत्र येत नाहीत. बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी, बाळाच्या अंगाला तेल आणि शेक, धुरी, कानांवर ओढलेले टोपडे, दुपट्यात घट्ट गुंडाळणे, ही सारी व्यवस्था उबेभोवती रचलेली आहे. तिच्यातील धूर आणि कोंदट हवा अपायकारक असेल. परंतु नवजात बालकाची ऊब पटकन निघून जाते आणि ती जपली पाहिजे, हे तिचे मूलतत्त्व विज्ञानाने खोटे ठरविलेले नाही.

याउलट स्वीडनमधील ब्योर्न वेस्टिन आणि त्यांचे अमेरिकन सहकारी जेम्स मिलर यांनी पन्नाशीच्या दशकात एक धाडसी प्रयोग केला. इतर उपायांनी श्वास सुरू न झालेल्या अर्भकांना त्यांनी थंड पाण्यात बुडवून ठेविले, आणि त्यांतील पुष्कळ वाचल्याचे वृत्त इ. स. १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. येथेही तुलनेसाठी समान गट नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी, इ. स. १९५८ मध्ये, न्यूयॉर्कच्या विल्यम सिल्व्हरमन याने अपुऱ्या दिवसांच्या बालकांची यादृच्छिक विभागणी करून दाखविले होते की, काचपेटीतील हवा थोडी उबदार ठेवली तर अधिक बालके जगतात. एका बाजूस कौशल्यपूर्ण पण तुलनाहीन निरीक्षण, तर दुसऱ्या बाजूस काटेकोर तुलना. नवजातशिशुवैद्यकाने दुसरी बाजू स्वीकारली. अर्भकाला थंड करण्याचा विचार सुमारे तीस वर्षे मागे पडला.

५. पुनरुज्जीवन आणि प्रौढांतील अपयश

इ. स. १९८७ मध्ये मायामी येथे बुस्टो आणि त्यांचे सहकारी यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, मेंदूचे तापमान केवळ दोन-तीन अंशांनी उतरले तरी रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणारी पेशींची हानी पुष्कळ कमी होते. तीस अंशांची धोकादायक थंडी आता आवश्यक नव्हती. ३३ ते ३५ अंशांची सौम्य थंडी पुरेशी वाटू लागली. इ. स. १९९७ मध्ये पिट्सबर्गच्या डोनल्ड मेरियन याने डोक्यास गंभीर मार लागलेल्या ८२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक वर्षानंतर थंड केलेल्या गटातील ६२ टक्के, तर दुसऱ्या गटातील ३८ टक्के रुग्णांची स्थिती चांगली होती.

यानंतरच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल क्रमाने पाहण्यासारखे आहेत. इ. स. २००१ मध्ये गाय क्लिफ्टन यांच्या चाचणीत ३९२ प्रौढ रुग्ण होते. दोन्ही गटांत वाईट परिणामाचे प्रमाण ५७ टक्के, म्हणजे अगदी सारखे, निघाले. इ. स. २००८ मध्ये जेमी हचिसन यांच्या चाचणीत २२५ मुलांपैकी थंड केलेल्यांत २१ टक्के आणि इतरांत १४ टक्के मृत्यू झाले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. परंतु त्याची दिशा चिंताजनक होती. इ. स. २०१५ मध्ये १८ देशांतील ‘युरोथर्म’ चाचणी ३८७ रुग्णांनंतर मध्येच थांबवावी लागली. इ. स. २०१८ मध्ये ‘पोलर’ चाचणीत ५११ रुग्णांची विभागणी झाली होती. इजेनंतर शक्य तितक्या लवकर थंडी देऊनही चांगल्या परिणामाचे प्रमाण दोन्ही गटांत ४९ टक्क्यांच्या आसपासच राहिले.

यांपैकी युरोथर्मची कथा विशेष बोधप्रद आहे. त्या चाचणीत ज्यांच्या कवटीतील दाब वाढला होता अशाच रुग्णांना थंड केले होते, आणि थंडीने दाब आटोक्यात राहण्यास मदत झाली. खाटेशेजारच्या यंत्रावरील आकडा सुधारला. तथापि सहा महिन्यांनंतर चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण थंड केलेल्या गटात सुमारे २६ टक्के, तर इतर गटात सुमारे ३७ टक्के आढळले. वैद्य ज्याकडे पाहून समाधान मानत होता तो आकडा आणि कुटुंबाला परत मिळणारा मनुष्य, या दोहोंत अंतर होते. आज प्रौढांच्या मस्तकाघातात शीतोपचार हा नित्याचा उपाय उरलेला नाही. इतर उपायांनी दाब आवरता आला नाही तर शेवटच्या पायरीवर त्याचा विचार होतो. ज्वर चढू न देणे एवढे त्याचे विनम्र रूप मात्र सर्वत्र टिकले आहे.

६. अर्भकांतील यश आणि शीवची चाचणी

प्रौढांत अपयशी ठरत असलेला उपचार अर्भकांत मात्र यशस्वी झाला. न्यूझीलंडमधील अ‍ॅलिस्टर गन व त्यांचे सहकारी यांच्या मेंढ्यांच्या गर्भांवरील प्रयोगांनंतर (१९९७) मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. इ. स. २००५ मध्ये २३४ व २०८ अर्भकांवरील दोन आणि इ. स. २००९ मध्ये ३२५ अर्भकांवरील एक चाचणी प्रसिद्ध झाली. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून ७२ तास शरीराचे तापमान ३३.५ अंशांच्या सुमारास ठेवावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. इ. स. २०१३ मधील एका व्यापक आढाव्यात ११ चाचण्यांतील १,५०५ अर्भकांचे निष्कर्ष एकत्र केले गेले. साधारणतः सात अर्भकांना थंड केले असता एकाचा मृत्यू वा गंभीर अपंगत्व टळते, असे त्यातून दिसले. नवजातशिशुवैद्यकात इतके बलवान पुरावे थोड्याच उपचारांना लाभले आहेत.

साहजिकच हा उपचार हिंदुस्थानात येऊ लागला. परदेशी यंत्रे महाग असल्याने येथे पर्याय शोधले गेले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या सहकार्याने, ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या गाद्यांचे स्वस्त साधन तयार झाले. कोठे कोठे बर्फाच्या पिशव्यांनीही काम भागविले जाई. पुरावा अमेरिका-युरोपचा आणि साधन मात्र स्थानिक, असा हा संकर होता. मूळ पुरावा येथील अर्भकांना लागू आहे काय, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. इशारा मिळालेला होता. युगांडातील कांपाला येथे इ. स. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३६ अर्भकांच्या एका छोट्या चाचणीत थंड केलेल्या २१ पैकी ७, तर इतर १५ पैकी १ अर्भक दगावले होते. संख्या लहान असल्याने त्यावरून निर्णय करता येत नव्हता.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे सुधीन तय्यिल यांच्या नेतृत्वाखाली भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील सात मोठ्या नवजात शिशू अतिदक्षता विभागांत ‘हेलिक्स’ ही चाचणी योजण्यात आली. मुंबईतील शीवचे रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सायन हॉस्पिटल’, हे त्यांपैकी एक. धारावीला लागून असलेल्या या महापालिकेच्या रुग्णालयात येणारा रुग्णवर्ग बहुतांशी गरीब वस्त्यांतील असतो. १५ ऑगस्ट २०१५ ते १५ फेब्रुवारी २०१९ या काळात सात ठिकाणी मिळून ४०८ अर्भकांची यादृच्छिक विभागणी झाली. २०२ अर्भकांना स्वयंचलित यंत्राने ३३.५ अंशांवर ७२ तास ठेविले. २०६ अर्भकांना नेहमीचीच काळजी देण्यात आली.

अशा चाचणीविरुद्ध एक गंभीर नैतिक आक्षेप संभवतो. श्रीमंत देशांत जो उपचार मान्य झाला आहे तो गरीब देशातील निम्म्या अर्भकांना नाकारणे न्याय्य कसे ? डाखाऊनंतरच्या जगात हा प्रश्न हलका मानता येत नाही. पालकांची संमती घेतलेली असली तरी, सिद्ध औषध हातात असताना ते न देणे ही वंचनाच ठरेल. आक्षेपाचे सारे बळ मात्र एका गृहीतावर उभे होते. हा उपचार येथेही सिद्धच आहे, हे ते गृहीत होय.

ऑगस्ट २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अठरा ते बावीस महिन्यांच्या वयापर्यंत मृत्यू वा मध्यम-गंभीर अपंगत्व यांचे एकत्रित प्रमाण थंड केलेल्यांत ५० टक्के आणि इतरांत ४७ टक्के, म्हणजे व्यवहारतः समान होते. केवळ मृत्यू पाहिले तर थंड केलेल्या २०२ पैकी ८४, म्हणजे ४२ टक्के. आणि इतर २०६ पैकी ६३, म्हणजे ३१ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय होता. एकत्रित प्रमाण समान आणि मृत्यू अधिक, यावरून वाचलेल्यांतील अपंगत्व थंड केलेल्या गटात कमी दिसते, हे खरे. परंतु थंडीने काहींचा मेंदू राखला, की अधिक दुर्बल अर्भके आधीच मृत्यू पावली, हे केवळ या आकड्यांवरून वेगळे करता येत नाही. ज्यांना उपचारापासून वंचित ठेविले असे म्हटले गेले असते, त्याच गटातील मुले अधिक संख्येने जगली, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे.

७. कारणमीमांसा

असे का घडले, याची अनेक उत्तरे सुचविली गेली आहेत. पहिले उत्तर इजेच्या काळाविषयीचे आहे. शीतोपचाराचे गणित असे की, इजा प्रसूतीच्या वेळी एकाएकी होते आणि दुय्यम हानी सुरू होण्यापूर्वी काही तासांची संधी मिळते. मातेचे कुपोषण, रक्तक्षय, जंतुसंसर्ग किंवा लांबलेली प्रसूती यांमुळे मेंदूची हानी थोडी थोडी, आधीपासूनच होत असेल, तर जन्मानंतरच्या सहा तासांत ती संधी बहुधा उलटून गेलेली असते. हेलिक्समधील मेंदूच्या प्रतिमाचित्रणातही थंडीने मेंदूचे संरक्षण झाल्याची खूण दिसली नाही. दुसरे उत्तर परिचर्येचे आहे. थंडी ही एकटी येत नाही. तिच्यासोबत रक्त गोठण्यातील बिघाड, रक्तदाब उतरणे, जंतुसंसर्गाचे भय येते. कृत्रिम श्वसन, प्रयोगशाळा आणि परिचारिकांची पुरेशी संख्या ज्या विभागात आहे तेथे हे धोके सावरता येतात.

चाचणीच्या कर्त्यांनी अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, मोठा अतिदक्षता विभाग असला तरीही, हा उपचार देऊ नये अशी शिफारस केली. काही भारतीय नवजातशिशुतज्ज्ञांनी ती जशीच्या तशी मानली नाही. दुसरीकडे जन्मून नंतर आणलेल्या अर्भकांचा अंतर्भाव, येथील सर्व रुग्णालये एकाच मापाने मोजावीत काय, असे त्यांचे आक्षेप होते. हा वाद मिटलेला नाही. परंतु त्याचे स्वरूप पालटले आहे. परदेशी ग्रंथांतील शिफारसींऐवजी मुंबई, चेन्नई, बंगळूर येथील अर्भकांच्या नोंदींवर तो आता चालतो. इतिहासाच्या दृष्टीने हेच हेलिक्सचे खरे महत्त्व होय.

८. मराठवाड्याचा संदर्भ

टेंपल फे फिलाडेल्फियात आपला पहिला रुग्ण थंड करीत होता तेव्हा निजामाच्या राज्यातील मराठवाड्यात एकही वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. ते औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, इ. स. १९५६ मध्ये मिळाले. वेस्टिन आणि सिल्व्हरमन यांचे प्रयोग त्याच दशकातील आहेत. त्या महाविद्यालयाचे रुग्णालय, जे सर्वांना ‘घाटी’ या नावाने परिचित आहे, ते आजही दूरदूरच्या तालुक्यांतील अवघडलेल्या प्रसूतींचे अखेरचे आश्रयस्थान आहे. सोयगाव, सिल्लोड वा कन्नडच्या एखाद्या वाडीवर कळा सुरू झाल्यापासून शहरातील अतिदक्षता विभागापर्यंतचा जो प्रवास असतो, तोच बहुधा अर्भकाच्या मेंदूचे भवितव्य ठरवितो. सहा तासांची मुदत घड्याळात दिसते. परंतु तिच्यापैकी किती वेळ वाहन मिळविण्यात आणि एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे धाडण्यात गेला, हे कोणत्याही यंत्रावर दिसत नाही.

या ठिकाणी महाराष्ट्रातील दुसरा एक प्रयोग आठवतो. ऑकलंड आणि लंडन येथे अर्भकांना थंड करण्याचा विचार मूळ धरीत होता त्याच वर्षांत, १९९५ ते १९९८ या काळात, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत नवजात बालकांची घरोघर काळजी घेतली. न श्वसणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून औषध देणे, स्तनपान आणि ऊब राखणे हे त्या काळजीचे घटक होते. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता नवजात बालकांच्या मृत्यूत ६२ टक्के घट झाली, आणि ते निष्कर्ष इ. स. १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. गडचिरोली आणि शीव यांच्या प्रयोगांचे प्रश्न भिन्न होते, त्यामुळे त्यांची सरळ तुलना योग्य नाही. तथापि दोहोंची पद्धत एकच होती : येथील बालके, येथील परिस्थिती, समान तुलना आणि प्रत्येक मृत्यूची प्रामाणिक मोजणी.

९. समारोप

शीतोपचाराच्या इतिहासातून थंडी चांगली की वाईट, असा एकेरी निर्णय निघत नाही. हिपोक्रेटीसच्या सूत्रांतील संदिग्धता आधुनिक चाचण्यांनी पुसून टाकलेली नाही. तिच्या मर्यादा मात्र त्यांनी आखून दिल्या. कोणाला, केव्हा, किती आणि कोठे, हे चार प्रश्न विचारल्यावाचून ‘थंडीने मेंदू वाचतो’ या विधानाला अर्थ राहत नाही. यांतील ‘कोठे’ हा प्रश्न वैद्यकाने सर्वांत उशिरा विचारला. तो विचारण्याचे श्रेय ज्या रुग्णालयांकडे जाते, त्यांत महाराष्ट्रातील एक गर्दीचे, महापालिकेचे रुग्णालय आहे.

वैद्यकाच्या इतिहासाची साधने म्हणून आतापर्यंत ग्रंथ, चरित्रे आणि संस्थांचे अहवाल यांवर भर दिला गेला आहे. फे आणि वेस्टिन यांच्या विजयी निवेदनांवर विसंबून लिहिलेला शीतोपचाराचा इतिहास अपुरा राहतो, तो यामुळेच. हेलिक्सचा निष्कर्ष उभा राहिला तो ४०८ अर्भकांच्या जन्मवेळा, तापमान, झटके आणि अखेर यांच्या नोंदींवर. मराठवाड्यातील आरोग्याचा इतिहास ज्यांना पुढे लिहावयाचा आहे, त्यांना अशाच साध्या कागदांकडे वळावे लागेल : प्रसूतिकक्षाच्या वह्या, रुग्णवाहिकेच्या नोंदी, अतिदक्षता विभागातील तक्ते. हे कागद नीट भरले आणि जपले गेले, तरच पुढचा उपचार येथे येईल तेव्हा तो येथील मुलांना मानवतो की नाही, हे वेळेवर कळेल. शीव येथे ते कळले तोवर अनेक मुले गेलेली होती.